आजऱ्यात घराभोवतीच्या झाडांची छाटणी: झाडतोड्याला बोलावण्याआधी आणि नंतर

आजरा तालुक्यात परसात फणस, आंबा, दोन-चार माड, कुंपणाला सिल्व्हर ओक आणि मागे काजू, अशी घरे गावोगाव आहेत. ही झाडे लावली तेव्हा घर लहान होते आणि झाडही लहान. आता फांद्या कौलांवर आल्या आहेत. किटवडे, सुळेरानसारख्या पश्चिमेकडच्या गावांत पावसाळ्यात दिवसेंदिवस झड लागते. माती भिजून सैल होते, पानांचा भार वाढतो आणि त्यात वारा सुटतो. झाड पडण्याच्या बहुतेक घटना याच काळात होतात. मग भर पावसात घाईने कोणाला तरी बोलावले जाते, आणि ओल्या, निसरड्या खोडावर माणूस चढवला जातो. हे काम एप्रिल ते मेच्या मध्यापर्यंत उरकावे. आकार देण्याची किंवा जुना आंबा खाली आणण्याची छाटणी असेल तर ती पाऊस थांबल्यावर, ऑक्टोबरमध्ये करावी. ऐन पावसात केलेल्या मोठ्या कापात बुरशी लवकर शिरते.

झाड धोक्याचे आहे का, हे आधी पाहावे

झाड उंच आहे म्हणून धोक्याचे, असे नसते. बुंध्याशी बसून पाहावे. एका बाजूची माती उचललेली किंवा तडा गेलेली दिसते का? बुंध्यावर कानाच्या आकाराची टणक आळंबी उगवली आहे का? कोयत्याच्या पाठीने खोडावर ठोकल्यास पोकळ आवाज येतो का? दोन जाड फांद्या अरुंद बेचक्यात एकमेकींना चिकटून वाढल्या असतील आणि सांध्यात चीर दिसत असेल, तर ती जागा वाऱ्यात फाटते. सिल्व्हर ओक, नीलगिरी, गुलमोहर आणि शेवगा यांच्या फांद्या मुळातच ठिसूळ असतात. फणसाचे लाकूड त्या मानाने चिवट असते.

गेल्या काही वर्षांत घराचा पाया, नळाची चारी किंवा रस्त्याचे काम झाले असेल तर मुळे कुठे तुटली, ते आठवावे. संकेश्वर-बांदा रस्त्याच्या रुंदीकरणात ज्यांच्या कुंपणालगतची माती खरवडली गेली, त्यांनी ही तपासणी जरूर करावी. अशी झाडे वरून हिरवीगार दिसतात आणि दोन-तीन पावसाळ्यांनी मुळासकट आडवी होतात.

परवानगी

फांद्या छाटणे वेगळे आणि झाड तोडणे वेगळे. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम 1964 च्या अनुसूचीत आंबा, फणस, जांभूळ, चिंच, हिरडा, साग, ऐन, किंजळ ही आपल्याकडची नेहमीची झाडे आहेत. स्वतःच्या सातबाऱ्यावरील जमिनीत असली तरी ती तोडण्यासाठी आधी परवानगी लागते. चौकशी परिक्षेत्र वन अधिकारी कार्यालयात करावी. घर आजरा नगरपंचायतीच्या हद्दीत असेल तर नगरपंचायतीत विचारावे. झाड बांधावर असेल तर शेजाऱ्याची लेखी संमती घ्यावी, कारण वाद झाडापेक्षा जास्त काळ टिकतात.

विजेची तार फांदीतून जात असेल किंवा फांदी तारेवर पडण्यासारखी असेल, तर काम करणाऱ्याने कितीही भरवसा दिला तरी महावितरणच्या शाखा कार्यालयाला कळवून पुरवठा बंद करून घेतल्याशिवाय हात लावू देऊ नये. 1912 हा त्यांचा तक्रार क्रमांक आहे. ओली फांदी आणि बांबूही वीज वाहून नेतात.

माणूस ठरवताना

आपल्याकडे तीन प्रकारची माणसे मिळतात: कोयता-कुऱ्हाडीवर काम करणारे, कटर मशीनवाले आणि लाकूड व्यापारी. व्यापारी म्हणतो, 'मजुरी काही नको, लाकूड आमचं.' हा सौदा स्वस्त वाटतो. पण ज्याची कमाई लाकडात आहे तो वाळक्या फांदीवर थांबत नाही. जाड, सरळ, निरोगी फांदी आधी जाते आणि घरावरची वाकडी तशीच राहते. म्हणून झाड ठेवायचे असेल तर मजुरी देऊन काम करून घ्यावे आणि लाकूड आपल्याकडे ठेवावे. झाड काढायचेच असेल, तर उभ्या झाडाची किंमत दोघा-तिघांकडून काढून मगच द्यावे.

बोलणी झाडाखाली उभे राहून करावीत. कोणत्या फांद्या काढायच्या त्यावर चुन्याची खूण करावी. फांदी दोरीने बांधून उतरवणार की तशीच सोडणार, हे विचारावे. 'तशीच सोडू, काही होत नाही' असे उत्तर आले आणि खाली कौले असतील, तर दुसरा माणूस पाहावा. कौल फुटले तर भरपाई कोणाची, फाटा कोण उचलणार, बुंधा काढण्याचे पैसे वेगळे का, हे साध्या कागदावर लिहून दोघांनी सही करावी. सगळे पैसे आधी देऊ नयेत.

चढणाऱ्याच्या कमरेला दोर, डोक्यावर हेल्मेट आणि खाली लक्ष ठेवायला दुसरा माणूस हवाच. एकट्याने चढणाऱ्याला काम देऊ नये. त्याचा अपघात विमा आहे का, हे विचारण्यात संकोच नको. माडावर चढणाऱ्यांसाठी नारळ विकास मंडळाची केरा सुरक्षा विमा योजना आहे. कृषी सहायकांनी ती आपल्या गावातील चढणाऱ्यांपर्यंत पोचवावी. चढण्यापूर्वी शेंड्याकडे नीट पाहून आग्या मोहोळ किंवा गांधीलमाश्यांचे पोळे नाही ना, याची खात्री करावी.

काप कसा असावा

जाड फांदी वरून एका दमात कापली की ती अर्ध्यात मोडते आणि खोडाची साल खाली फाटत जाते. म्हणून तीन काप द्यावेत. पहिला खोडापासून हात-दीड हात अंतरावर, खालच्या बाजूने, जाडीच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत. दुसरा त्याच्या थोडा बाहेर, वरून. यात फांदी खाली येते. तिसऱ्या कापाने उरलेला खुंट काढावा. फांदीच्या बुडाशी साल जिथे फुगलेली दिसते, त्या कडीच्या लगत बाहेरून कापावे. कडी कापली तर जखम भरत नाही, आणि लांब खुंट ठेवला तर तो कुजत आत जातो.

शेंडा मारून झाड 'बोडके' करण्याची पद्धत मात्र सोडून द्यावी. झाड लगेच सुरक्षित वाटते, पण त्या जागी झाडूसारखे फुटवे येतात. ते खोडाला घट्ट जोडलेले नसतात, आणि काही वर्षांनी तेच कौलांवर पडतात.

मोठ्या कापावर बोर्डो पेस्ट लावावी. 1 किलो मोरचूद 5 लिटर पाण्यात आणि 1 किलो चुना 5 लिटर पाण्यात प्लास्टिकच्या वेगवेगळ्या भांड्यांत भिजवून मग एकत्र करावे. स्वच्छ विळा त्यात मिनिटभर बुडवून पाहावा. पाते तांबूस झाले तर चुना थोडा वाढवावा. वाईट काप पेस्टने सुधारत नाही, हेही लक्षात ठेवावे.

झाडानुसार काळजी

माडाच्या फक्त वाळलेल्या झावळ्या काढाव्यात, हिरव्या तोडू नयेत. चढण्यासाठी खोडात खाचा पाडू देऊ नयेत, कारण त्या जखमांवर सोंड्या भुंगा येतो. गेंड्या भुंग्यासाठी कोवळ्या झावळ्यांच्या बेचक्यात डांबरगोळ्या ठेवून वर वाळू टाकावी.

आंब्यावरचे बांडगूळ नुसते ओरबाडले तर पुन्हा फुटते. ते फळावर येण्याआधी, चिकटलेल्या जागेच्या खालून फांदीसह कापावे. खोडातून भुसा पडताना दिसला तर भिरूड आहे. अणकुचीदार तारेने अळी बाहेर काढून छिद्र चिखलाने लिंपावे. काजूच्या बुंध्याशी भुसा आणि डिंक दिसला की तिथली साल उकरून अळ्या वेचाव्यात. झाड पिवळे पडेपर्यंत थांबल्यास ते सहसा वाचत नाही.

फणसाबाबत आजरा-चंदगड पट्ट्याची वेगळी अडचण आहे. इथे रानटी हत्तींचा वावर आहे आणि पिकलेल्या फणसाचा वास त्यांना लांबून येतो. जंगलालगतच्या वस्तीत घराशेजारचे फणस पिकण्याआधीच उतरवावेत आणि पडलेले फळ अंगणात राहू देऊ नये. हत्ती येतात म्हणून फणसच तोडण्याची घाई मात्र करू नये.

बुंध्याभोवती सिमेंटचा कट्टा बांधणे, मातीचा ढीग लावणे किंवा पालापाचोळा तिथेच पेटवणे टाळावे. पाला बुंध्यापासून वीतभर लांब, आळ्यात पसरावा. खोडातली पोकळी सिमेंटने भरू नये. आत पाणी साचून कूज वाढते. अशी पोकळी असलेले झाड घरावर झुकले असेल, तर मेअखेरीची वाट न पाहता परवानगीचा अर्ज मार्चमध्येच द्यावा, म्हणजे पाहणी होऊन पावसाआधी काम करता येते.