ओटीपोटाचे दुखणे अंगावर काढू नका

वाशिम, रिसोड, मालेगावकडे सोयाबीन सोंगणीच्या दिवसांत बाया सकाळी शेतात जातात आणि दिवस मावळताना परततात. आडोसा नसल्याने पाणी कमी प्यायचे, लघवी दाबून ठेवायची. मग जळजळ सुरू होते, ओटीपोट दुखते. ‘उष्णता झाली’ म्हणून धण्याचे पाणी पिऊन दिवस काढले जातात.

दुखणे एक, कारणे अनेक. वारंवार, जळजळत लघवी होणे हा बहुधा जंतुसंसर्ग असतो. थंडीताप आणि पाठीत दुखणे असेल तर तो मूत्रपिंडापर्यंत पोचलेला असू शकतो. पाठीतून जांघेकडे कळ येते ती मूतखड्याची. अंगावरून दुर्गंधीयुक्त पांढरे जाणे व ताप, ही गर्भाशयाच्या नळ्यांना सूज असू शकते. पाळीत असह्य वेदना एंडोमेट्रिओसिसमुळे होतात. अंग बाहेर येणे, मधुमेह, क्वचित क्षयरोग हीही कारणे आहेत. पुरुषांत प्रोस्टेटचा त्रास असतो. म्हणून दुकानातून आणलेल्या चार गोळ्या हा इलाज नव्हे. आधी लघवीची तपासणी, गरज पडल्यास कल्चर व सोनोग्राफी करावी.

आपल्या विदर्भातच डॉ. राणी व डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतील दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होते, पण त्यापूर्वी तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के होत्या.

लाज आडवी येते. हया ईमानचा भाग आहे, पण ती इलाजाच्या आड येत नाही. दीन शिकताना लाज आड येऊ दिली नाही म्हणून हजरत आयशा (रजि.) यांनी अन्सारी स्त्रियांची प्रशंसा केली आहे. फातिमा बिन्त अबी हुबैश (रजि.) यांनी आपल्या सततच्या रक्तस्रावाविषयी थेट प्रेषितांना (स.) विचारले होते. लघवी सतत झिरपते म्हणून नमाज सोडणाऱ्या भगिनींनी जाणावे की, हनफी मतानुसार अशा माजूर व्यक्तीने प्रत्येक नमाजच्या वेळेस नवा वुजू करावा. आजारपणात सुटलेल्या रोजांची कजा नंतर करता येते.

गरोदरपणात जळजळ, लघवीतून रक्त, लघवी अडकणे, किंवा पाळी चुकलेली असताना एका बाजूला अचानक तीव्र कळ व चक्कर आली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. घरातील पुरुषांनो, ती सांगेपर्यंत थांबू नका. तुम्हीच विचारा आणि सोबत जा.