औषधनिर्माता रुग्णाच्या खाटेपाशी : परदेशातील प्रशिक्षण आणि वऱ्हाडचे विद्यार्थी

अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतील औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयांतून पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या तरुणांपैकी काहींची नजर आता अमेरिका, इंग्लंड वा कॅनडाकडे लागलेली असते. घर कापूस आणि सोयाबीनवर चालणारे. मुलाच्या प्रवेशाचे पत्र आले की बँकेचे कर्ज, प्रसंगी शेताचे तारण, आणि मग उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसील कार्यालयाच्या फेऱ्या सुरू होतात. अशा वेळी सल्ला विचारला जातो तो गावातील शिक्षकांना, सरपंचांना किंवा एखाद्या परिचित अधिकाऱ्याला. "पाठवावे काय?" हा प्रश्न साधा दिसतो, परंतु तिकडे नेमके काय शिकवितात आणि कोणत्या पदवीने कोणते दार उघडते, हे ठाऊक असल्याखेरीज त्याचे उत्तर देता येत नाही.

परदेशी शिक्षण वऱ्हाडाला नवे नाही. डॉ. पंजाबराव देशमुख एडिंबरो व ऑक्सफर्ड येथे शिकून परतले आणि १९३२ साली त्यांनी अमरावतीस श्री शिवाजी शिक्षण संस्थेची उभारणी केली. पण त्यांचे शिक्षण ग्रंथालयातले आणि न्यायशास्त्राचे होते. औषधनिर्मात्याचे तिकडील शिक्षण ज्या टप्प्यावर खऱ्या अर्थाने सुरू होते, तो टप्पा रुग्णालयातला असतो, आणि तेथेच आपल्याकडील विद्यार्थी प्रथम गोंधळून जातो.

याचे कारण आपल्या अभ्यासक्रमाच्या इतिहासात आहे. भारतात औषधनिर्माणशास्त्राचे विद्यापीठीय शिक्षण १९३२ साली बनारस हिंदू विद्यापीठात प्रा. महादेवलाल श्रॉफ यांच्या प्रयत्नाने सुरू झाले. देशात औषधे बनविणारे कारखाने उभे राहावेत आणि भेसळ ओळखणारे तज्ज्ञ तयार व्हावेत, ही त्या काळाची निकड होती. म्हणून रसायन, वनस्पती आणि पृथक्करण यांना मानाचे स्थान मिळाले. १९४८ च्या फार्मसी कायद्याने या व्यवसायाला नोंदणी व शिस्त दिली, तरी बी.फार्म.चा चार वर्षांचा अभ्यासक्रम आजही मुख्यतः औषध घडविण्याकडे झुकलेला आहे. गोळी कशी तयार होते हे आपला पदवीधर उत्तम सांगतो. ती गोळी घेणारा माणूस मात्र त्याला चार वर्षांत क्वचितच भेटलेला असतो. आपल्या कारखान्यांतून जगभर औषधे जातात, त्यात या शिक्षणाचा वाटा मोठा आहे, हेही येथे नमूद केले पाहिजे.

अमेरिकेतही पूर्वी औषधनिर्माता तळमजल्यावरील औषधालयातच असे. १९६६ साली सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रुग्णालयात एक प्रयोग झाला. नवव्या मजल्यावर औषधनिर्मात्यांची रात्रंदिवस नेमणूक करण्यात आली आणि रुग्णाला कोणते औषध, किती व कोणत्या वेळी दिले जाते, यावर त्यांनी तेथेच लक्ष ठेवावे असे ठरले. हा 'नववा मजला' त्या व्यवसायाच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. पुढे याच वाटेने जाऊन तेथे फार्म.डी. ही पदवी व्यवसायासाठी आवश्यक ठरली. तिच्या अभ्यासक्रमात सुरुवातीच्या वर्षांत किमान ३०० तास आणि अखेरच्या टप्प्यात किमान १४४० तास, म्हणजे सुमारे ३६ आठवडे, प्रत्यक्ष प्रशिक्षण असते. विद्यार्थी दर काही आठवड्यांनी विभाग बदलतो : कधी सामान्य औषधोपचार विभाग, कधी अतिदक्षता, कधी बाह्यरुग्ण विभाग, तर कधी गावातील औषधाचे दुकान. प्रत्येक ठिकाणी एक मार्गदर्शक औषधनिर्माता त्याच्यावर देखरेख ठेवतो.

या प्रशिक्षणातील दिवस कसा जातो? डॉक्टरांची फेरी सुरू होण्याआधी विद्यार्थी आपल्याकडील रुग्णांचे कागद वाचून काढतो. वय, वजन आणि रक्तातील क्रिएटिनिन यांवरून मूत्रपिंडाची कार्यक्षमता काढतो, आणि औषधाची मात्रा तिला झेपेल काय हे तपासतो. वृद्ध, कृश रुग्णाला नेहमीची मात्राही जड होऊ शकते. नंतर तो रुग्णाशी बोलतो. घरी कोणती औषधे चालू होती? त्यांतली खरोखर कोणती घेत होता, आणि कोणती महाग म्हणून वा चक्कर येते म्हणून सोडून दिली होती? घरची यादी आणि रुग्णालयाची यादी समोरासमोर ठेवून पाहिली की पुष्कळदा एखादे औषध गळालेले किंवा दुसऱ्या नावाने दोनदा लिहिलेले सापडते. फेरीत त्याला हे डॉक्टरांसमोर थोडक्यात मांडावे लागते. औषध बदलण्याचा निर्णय डॉक्टरांचा. परंतु बदल सुचविणे हे औषधनिर्मात्याचे कर्तव्य मानले जाते, आणि न सुचविल्यास त्याबद्दल त्याला विचारणा होते.

येथे आपल्या विद्यार्थ्यांची अडचण ज्ञानाची नसते, सवयीची असते. वर्गात मोठ्यांसमोर न बोलण्याचे वळण लागलेल्या मुलाला ज्येष्ठ डॉक्टरांना "ही मात्रा अधिक वाटते" असे सांगणे कठीण जाते. दुसरे वळण त्याहून घट्ट असते : उत्तर आलेच पाहिजे, ही परीक्षेची सवय. रुग्णालयात अंदाजाने दिलेले उत्तर धोक्याचे असते. "मला ठाऊक नाही, पाहून सांगतो" असे म्हणून तासाभरात आधारासह उत्तर आणणारा विद्यार्थी तेथे चांगला समजला जातो. ही एक गोष्ट आपल्या महाविद्यालयांना एक पैसाही खर्च न करता शिकविता येईल.

भाषेची अडचणही इंग्रजीपुरती नसते. आपले पॅरासिटामॉल अमेरिकेत ॲसिटॅमिनोफेन होते, सालब्युटामॉलचे अल्ब्युटेरॉल, ॲड्रिनॅलिनचे एपिनेफ्रिन आणि ग्लिबेनक्लामाइडचे ग्लायब्युराइड. रुग्ण आपले वजन पौंडांत सांगतो आणि मात्रा किलोवर काढावयाची असते. इंग्लंडमध्ये रक्तातील साखर निराळ्या एककात मोजतात. आपल्याकडील १८० म्हणजे तेथील १०. लिहिण्याचे नियमही कडक असतात. एक मिलिग्रॅम लिहिताना पुढे दशांश चिन्ह व शून्य देऊ नये, कारण चिन्ह पुसट झाले की एकाचे दहा वाचले जातात; आणि अर्धा मिलिग्रॅम लिहिताना दशांश चिन्हाआधीचे शून्य कधी गाळू नये. रुग्णाची माहिती लिफ्टमध्ये वा उपाहारगृहात बोलल्यास कारवाई होऊ शकते. आपल्याकडे बाह्यरुग्ण विभागात एकाच्या आजाराची चौकशी रांगेतील दहा जण ऐकत असतात, त्यामुळे हा नियम अंगवळणी पडण्यास वेळ लागतो.

आता पालकांनी विशेष ध्यानात घ्यावी अशी बाब. परदेशात जाण्याच्या तीन निरनिराळ्या वाटा एकाच नावाखाली सांगितल्या जातात. पहिली, एम.एस.सारखी पदव्युत्तर पदवी. ती बहुधा संशोधनाची वा उद्योगाची असते. तिने रुग्णालयात वा दुकानात औषधनिर्माता म्हणून काम करण्याचा परवाना मिळत नाही. दुसरी, काही आठवड्यांचे निरीक्षण-प्रशिक्षण. यात विद्यार्थी पाहू शकतो, परंतु रुग्णाच्या उपचारात त्याला भाग घेता येत नाही. तिसरी, परवान्याकडे नेणारी वाट, आणि तिच्या अटी कठोर आहेत. अमेरिकेत परदेशी पदवीधरांची पात्रता तपासणारी यंत्रणा १ जानेवारी २००३ नंतर पदवी घेतलेल्यांकडून किमान पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाची अपेक्षा करते. आपली बी.फार्म. चार वर्षांची आहे. म्हणजे केवळ बी.फार्म.च्या बळावर ती परीक्षा देता येत नाही, आणि ही गोष्ट कर्ज घेतल्यानंतर कळण्यात अर्थ नसतो. इंग्लंडमध्ये परदेशी औषधनिर्मात्यांसाठी एक वर्षाचा रूपांतर अभ्यासक्रम, त्यानंतर ५२ आठवड्यांचे प्रशिक्षण आणि नोंदणी परीक्षा असा क्रम आहे. कॅनडात कागदपत्रांची छाननी आणि टप्प्याटप्प्याच्या परीक्षा असतात. हे नियम बदलतात. म्हणून ते मध्यस्थाच्या तोंडून न ऐकता त्या त्या देशाच्या नोंदणी मंडळाच्या संकेतस्थळावर वाचावेत. "नोकरीची हमी" देणाऱ्याला एकच प्रश्न विचारावा : या पदवीनंतर परवान्याच्या परीक्षेला बसता येईल, असे लिहून देता काय?

शिष्यवृत्तीची सोय आहे. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती पदव्युत्तर व पीएच.डी. अभ्यासक्रमांकरिता दिली जाते. इतर प्रवर्गांसाठीही स्वतंत्र योजना आहेत. विद्यापीठाचा जागतिक क्रमांक, वयोमर्यादा आणि उत्पन्नाची अट त्या वर्षीच्या जाहिरातीत पाहावी. अर्जाची मुदत थोडी असते आणि दाखले वेळेवर न मिळाल्याने पात्र विद्यार्थी मागे राहू शकतो, याकडे महसूल कार्यालयांनी लक्ष द्यावयास हवे.

असे प्रशिक्षण घेण्यासाठी देश सोडलाच पाहिजे असेही नाही. १९९६-९७ च्या सुमारास म्हैसूर व उटी येथील जेएसएस औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयांनी ऑस्ट्रेलियातील तज्ज्ञांच्या साहाय्याने रुग्णालयाशी जोडलेला पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू केला. २००८ साली भारतातच सहा वर्षांच्या फार्म.डी. अभ्यासक्रमाचे नियम झाले. त्यासाठी ३०० खाटांच्या रुग्णालयाची जोड सक्तीची आहे. सहावे वर्ष पूर्णपणे रुग्णालयातले : सहा महिने सामान्य औषधोपचार विभागात आणि दोन-दोन महिने आणखी तीन विभागांत. महाराष्ट्रात पुण्याच्या पूना कॉलेज ऑफ फार्मसीसारख्या संस्थांत ही पदवी घेता येते. २०१५ च्या फार्मसी व्यवसाय विनियमांनी तर रुग्णाला औषधासंबंधी समजावून सांगणे हे प्रत्येक नोंदणीकृत औषधनिर्मात्याचे काम ठरविले आहे. अकोल्याचे सर्वोपचार रुग्णालय आणि अमरावतीचे इर्विन रुग्णालय येथील रुग्णांची संख्या पाहता शिकण्यासाठी रुग्ण कमी पडतील असे कोणी म्हणणार नाही. कमतरता आहे ती महाविद्यालय आणि रुग्णालय यांना जोडणाऱ्या व्यवस्थेची, आणि मार्गदर्शक म्हणून काम करू शकणाऱ्या औषधनिर्मात्यांची. परदेशातून शिकून आलेल्या माणसाचा उपयोग येथे होऊ शकतो.

अर्थात तिकडे शिकलेले सगळेच इकडे लागू पडत नाही. मेळघाटातील धारणी वा चिखलदऱ्याच्या कोरकू रुग्णाला छापील पत्रक देऊन भागत नाही. पाकिटावर सूर्य-चंद्राची खूण करून, कोरकू जाणणाऱ्या आशाताईंकडून समजावून सांगावे लागते. सिकलसेलच्या रुग्णाला हायड्रॉक्सियुरिया सुरू असेल तर ठरावीक काळाने रक्ततपासणी झाली की नाही, हे औषध देणाऱ्यानेच विचारावयास हवे. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी व शेतमजूर दगावले. अशा रुग्णाला आणताना कीटकनाशकाचा डबा वा त्यावरील चिठ्ठी सोबत आणावी, हे गावागावांत सांगण्याचे काम औषधनिर्माण अधिकाऱ्याइतके चांगले कोण करील?

इन्सुलिनचेच पाहा. न उघडलेली बाटली २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये ठेवावी, असे सर्व पुस्तकांत असते. अकोल्याचा मे महिना ४५ अंशांच्या पुढे जातो आणि कित्येक घरी फ्रिज नसतो, असला तर वीज नसते. अशा घरात वापरातली बाटली प्लास्टिकच्या घट्ट झाकणाच्या डबीत घालून ती ओल्या मातीच्या मडक्यात, किंवा एकात एक ठेवलेल्या दोन मडक्यांमध्ये ओली वाळू भरून, सावलीत ठेवता येते. उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत मडके चांगले गारवा धरते. पावसाळ्यात हवा दमट झाली की त्याचा गुण कमी होतो. फ्रिज असल्यास बाटली बर्फाच्या कप्प्याजवळ ठेवू नये, कारण एकदा गोठलेले इन्सुलिन निकामी होते. हे सांगावयास दोन मिनिटे पुरतात. न सांगितल्यास मात्र रुग्ण नियमित टोचून घेतो आणि साखर उतरत नाही; डॉक्टर मात्रा वाढवितात, आणि बाटली उन्हात तापते आहे हे कोणाच्या ध्यानात येत नाही.

परदेशी रुग्णालयांत वृद्धांना घरातील सर्व औषधे एका पिशवीत घालून आणावयास सांगतात आणि औषधनिर्माता ती एकेक काढून तपासतो. आपले म्हातारे रुग्ण न सांगताच अशी पिशवी घेऊन येतात. तिच्यात मधुमेहाच्या गोळ्या, वैद्यांच्या पुड्या, शेजाऱ्याने दिलेली गुडघेदुखीची पाकिटे आणि मुदत संपलेल्या बाटल्या एकत्र असतात. प्राथमिक आरोग्य केंद्रातील औषधनिर्माण अधिकाऱ्याने आठवड्यातील एक दुपार या पिशव्यांसाठी राखून ठेवली, तर त्यासाठी वेगळा निधी लागत नाही; ग्रामसभेत वार जाहीर करण्याचे काम पंचायतीला करता येईल. तपासणीत औषधाचा काही दुष्परिणाम आढळल्यास तो २०१० पासून चालू असलेल्या राष्ट्रीय औषधदक्षता कार्यक्रमाकडे कळवावा. १८००-१८०-३०२४ हा त्यांचा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक असून डॉक्टर, परिचारिका, औषधनिर्माता किंवा स्वतः रुग्ण यांपैकी कोणीही त्यावर माहिती देऊ शकतो.