नाटकांच्या यादीतून शिक्षण : येल विद्यापीठाची नाट्यशाळा

येल विद्यापीठाची नाट्यशाळा अमेरिकेच्या कनेटिकट राज्यात, न्यू हेवन शहरात आहे. नाट्यलेखन, दिग्दर्शन, अभिनय, नेपथ्य, वेशभूषा, प्रकाश, ध्वनी, नाट्यसमीक्षा, रंगमंच व्यवस्थापन, तांत्रिक निर्मिती आणि नाट्यसंस्थेचा कारभार हे सगळे विषय येथे पदव्युत्तर पातळीवर, एकाच छताखाली शिकवले जातात. वर्ग आणि व्याख्याने इतर विद्यापीठांप्रमाणे इथेही आहेत. पण शिक्षणाचा मोठा भाग सप्टेंबर ते मे या काळात होणाऱ्या नाट्यहंगामातून घडतो. कोणती जुनी नाटके करायची, कोणती नवी, ती कोणी बसवायची आणि कोणत्या रंगमंचावर, हे एकदा ठरले की वर्षभरात कोण काय शिकणार हेही बरेचसे ठरून जाते.

या पद्धतीची सुरुवात जॉर्ज पिअर्स बेकर यांच्यापासून होते. बेकर हार्वर्ड विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक होते. त्यांचा नाट्यलेखनाचा वर्ग प्रसिद्ध होता आणि नाटककार युजीन ओनील त्याच वर्गात शिकून गेले होते. लिहिलेले नाटक रंगमंचावर उभे राहिल्याशिवाय लेखकाला त्यातले दोष कळत नाहीत, या विचाराने बेकर यांनी वर्गाला जोडून एक प्रयोगशाळाही चालवली. हार्वर्डने मात्र या विषयाला हवे ते स्थान दिले नाही. 1924 मध्ये दानशूर एडवर्ड हार्कनेस यांनी येलला नाट्यविभागासाठी दहा लाख डॉलरची देणगी दिली आणि बेकर येलला आले. 1926 मध्ये यॉर्क स्ट्रीटवर विभागाचे स्वतःचे नाट्यगृह उघडले. ललित कला विद्याशाखेतला हा विभाग 1955 मध्ये स्वतंत्र नाट्यशाळा झाला.

बेकर यांनी लेखकांइतकेच महत्त्व पडद्यामागच्या कामांना दिले. त्यांच्या काळात आलेल्या डोनाल्ड ओएन्स्लेगर यांनी पुढे अनेक वर्षे नेपथ्य शिकवले. स्टॅन्ली मॅककँडलेस यांनी प्रकाशयोजनेला शिकवता येईल अशी शिस्त दिली. त्यांचे या विषयावरचे पुस्तक 1932 मध्ये आले. त्यांच्या पद्धतीत रंगमंचाचे छोटे भाग पाडतात आणि प्रत्येक भागावर समोरून, डाव्या-उजव्या बाजूंनी साधारण 45 अंशांच्या कोनात दोन दिवे सोडतात. एका दिव्याला उबदार रंगाचा जिलेटिन, म्हणजे पारदर्शक रंगीत कागद, असतो, दुसऱ्याला थंड रंगाचा. नटाच्या चेहऱ्याची एक बाजू किंचित पिवळसर आणि दुसरी किंचित निळसर दिसते, त्यामुळे नाक, गाल आणि डोळ्यांच्या खोबण्या लांबूनही उठून दिसतात. दोन्ही दिव्यांचे प्रमाण बदलले की सकाळची संध्याकाळ करता येते. प्रकाशयोजना शिकणाऱ्यांना आजही ही पद्धत सुरुवातीला शिकवली जाते. 1940 च्या दशकात जॉर्ज आयझेनावर यांनी येलमध्येच दिव्यांची तीव्रता कमी-जास्त करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डिमरची यंत्रणा तयार केली. दिव्यांची मांडणी आधी ठरवून ठेवावी आणि प्रयोगात एका माणसाने ती चालवावी, हे त्यामुळे शक्य झाले.

नाट्यशाळेला आजचे रूप रॉबर्ट ब्रुस्टीन यांनी दिले. नाट्यसमीक्षक म्हणून नाव असलेले ब्रुस्टीन 1966 मध्ये अधिष्ठाता झाले आणि त्याच वर्षी त्यांनी ‘येल रेपर्टरी थिएटर’ हा व्यावसायिक संच सुरू केला. वैद्यकीय महाविद्यालयाला जसे रुग्णालय जोडलेले असते, तसा हा संच नाट्यशाळेला जोडलेला आहे. बाहेरचे अनुभवी नट, दिग्दर्शक आणि संकल्पक मानधनावर येतात आणि विद्यार्थी त्यांच्यासोबत भूमिका करतात, वेशभूषा आखतात, क्यू (प्रयोगातले इशारे) देतात. चॅपल स्ट्रीट आणि यॉर्क स्ट्रीटच्या कोपऱ्यावरच्या एका जुन्या बॅप्टिस्ट चर्चमध्ये या संचाचे नाट्यगृह आहे. तिकीट काढून येणाऱ्या प्रेक्षकांसमोर हे काम चालत असल्याने चुकांना वर्गातल्यासारखी माफी नसते.

हंगामाची आखणी दोन पातळ्यांवर होते. पहिली रेपर्टरीच्या नाटकांची, दुसरी विद्यार्थ्यांच्या स्वतःच्या प्रयोगांची. दोन्हींत अभिजात नाटके असतातच, कारण काही कौशल्ये त्यांच्याशिवाय येत नाहीत. शेक्सपिअरच्या पद्यातली लांब वाक्ये श्वास आणि अर्थ सांभाळून बोलायची सवय आजच्या बोलीतल्या संवादांतून लागत नाही. ग्रीक नाटकात कोरसला एकत्र हलावे आणि बोलावे लागते. चेकॉव्हच्या नाटकात बोलण्याइतकेच न बोलणे सांभाळावे लागते. वेशभूषा शिकणाऱ्याला जुन्या काळाचे कपडे बेतण्याची संधी अशाच नाटकांतून मिळते. दिग्दर्शनाच्या विद्यार्थ्याला अखेरच्या वर्षी मोठ्या नाटकाचा प्रयोग उभा करावा लागतो आणि त्याची पदवी त्यावर अवलंबून असते.

नव्या नाटकाचे शिक्षण वेगळे असते. लेखक तालमीला हजर असतो आणि संहिता पक्की नसते. आदल्या दिवशी पाठ केलेला प्रवेश दुसऱ्या दिवशी निम्मा कापलेला असू शकतो. रंगमंच व्यवस्थापकाला आपल्या वहीतली पाने, हालचाली आणि क्यू रोज नव्याने लावावे लागतात. ड्रामाटर्ग, म्हणजे संहितेचा अभ्यास करून लेखक-दिग्दर्शकांना प्रश्न विचारणारा माणूस, अभिजात नाटकात संदर्भ शोधतो. नव्या नाटकात मात्र कोणते दृश्य अजून लिहिलेच गेलेले नाही हे त्याला ओळखावे लागते. लेखनाच्या अखेरच्या वर्षातल्या विद्यार्थ्यांची नाटके हंगामाच्या शेवटी ‘कार्लोटा फेस्टिव्हल’मध्ये होतात. 2006 मध्ये सुरू झालेल्या या महोत्सवाला ओनील यांच्या पत्नी कार्लोटा मॉन्टेरे यांचे नाव आहे. ओनील यांच्या मृत्यूनंतर कार्लोटा यांनी ‘लाँग डेज जर्नी इनटू नाइट’ या नाटकाचे हक्क येलला दिले आणि 1956 मध्ये विद्यापीठाच्या प्रकाशनाने ते छापले. त्याच्या उत्पन्नातून नाट्यशाळेत शिष्यवृत्त्या सुरू झाल्या.

जुने आणि नवे एकाच प्रयोगात कसे मिसळते, याचे ठळक उदाहरण 1974 चे ‘द फ्रॉग्ज’. ॲरिस्टोफेनीसचे हे प्रहसन इसवी सनपूर्व 405 मधले. नाटकाचा देव डायोनायसस पाताळात जाऊन एका मेलेल्या नाटककाराला परत आणतो, अशी त्याची कथा. मूळ नाटकात स्पर्धा एस्किलस आणि युरिपिडीस यांच्यात होते, बर्ट शेव्हलव्ह यांनी रूपांतरात शेक्सपिअर आणि बर्नार्ड शॉ यांना समोरासमोर आणले. संगीत स्टीव्हन साँडहाइम यांचे होते. पाताळात जायला नदी ओलांडावी लागते, म्हणून प्रयोग विद्यापीठाच्या व्यायामशाळेतल्या पोहण्याच्या तलावात झाला आणि बेडकांचा ताफा पाण्यात उतरला. फरशीच्या भिंतींवरून आवाज घुमत असल्याने शब्द कळणे अवघड जाई. संवाद आणि संगीत वेगवेगळ्या जागांत कसे पोचते, याचा धडा त्यातून मिळाला. कोरसमध्ये मेरिल स्ट्रीप, सिगर्नी वीव्हर आणि पुढे नाटककार झालेले ख्रिस्तोफर ड्युरँग हे त्या वेळचे विद्यार्थी होते.

1979 मध्ये लॉइड रिचर्ड्स अधिष्ठाता झाले आणि हंगामातल्या समकालीन नाटकांचे वजन वाढले. 1959 मध्ये ‘अ रेझिन इन द सन’ बसवून न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर नाटक दिग्दर्शित करणारे पहिले कृष्णवर्णीय दिग्दर्शक ठरलेले रिचर्ड्स नव्या लेखकांच्या शोधात असत. दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णभेदावरचे ॲथोल फुगार्ड यांचे ‘मास्टर हॅरल्ड अँड द बॉइज’ 1982 मध्ये प्रथम येलला झाले. कनेटिकटमध्येच वॉटरफर्डला भरणाऱ्या लेखकांच्या शिबिरात रिचर्ड्स यांना नाटककार ऑगस्ट विल्सन सापडले. शिबिरात वाचन, मग येलला पहिला प्रयोग, मग इतर शहरांत आणि शेवटी ब्रॉडवे, असा विल्सन यांच्या नाटकांचा मार्ग ठरून गेला. प्रत्येक टप्प्यावर ते पुन्हा लिहीत. 1984 मध्ये ‘मा रेनीज ब्लॅक बॉटम’ आले, 1985 मध्ये ‘फेन्सेस’. ‘फेन्सेस’मध्ये बापाच्या भूमिकेत जेम्स अर्ल जोन्स हे नामवंत नट होते आणि त्यांच्या समोर मुलाच्या भूमिकेत कोर्टनी बी. व्हॅन्स हा नाट्यशाळेत शिकणारा तरुण. दोघेही 1987 मध्ये त्याच भूमिकांत ब्रॉडवेवर गेले आणि त्या वर्षी नाटकाला पुलित्झर पारितोषिक मिळाले. विसाव्या शतकाच्या एकेका दशकावर विल्सन यांनी लिहिलेल्या दहा नाटकांपैकी सहांचे पहिले प्रयोग येल रेपर्टरीत झाले.

अधिकृत हंगामाच्या जोडीला विद्यार्थ्यांचा स्वतःचा एक हंगाम असतो. 1968 मध्ये सुरू झालेले ‘येल कॅबरे’ एका तळघरात चालते. नाटके निवडण्यापासून हिशेबापर्यंत सगळे विद्यार्थी पाहतात. प्रेक्षक टेबलांभोवती जेवतात आणि मग नाटक पाहतात. पैसा थोडा, तयारीला वेळ त्याहून थोडा, आणि खेळ आठवड्याअखेरचे मोजकेच. इथे नट प्रकाशयोजना करतो, संकल्पक दिग्दर्शन करतो, व्यवस्थापन शिकणारी मुलगी रंगमंचावर उभी राहते. मुख्य हंगामात प्रत्येकाला आपापल्या शाखेचे काम करावे लागते, कॅबरेत ही कुंपणे नसतात.

एवढ्या प्रयोगांत गुंतलेल्या विद्यार्थ्याला बाहेर नोकरी करायला सवड उरत नाही. शिवाय शिकून बाहेर पडल्यावर नाटकाच्या व्यवसायात मिळकत बेभरवशाची असते. शिक्षणासाठीचे कर्ज डोक्यावर असलेला पदवीधर म्हणूनच अनेकदा नाटक सोडून दुसरीकडे वळतो. 2021 मध्ये निर्माते डेव्हिड गेफन यांच्या प्रतिष्ठानाने 15 कोटी डॉलरची देणगी दिली. त्यातून पूर्णवेळ पदवी आणि प्रमाणपत्र अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क कायमचे माफ झाले आणि संस्थेला गेफन यांचे नाव मिळाले. देणगीने हंगामाची घडी बदललेली नाही. अभिजात नाटके, नवी नाटके आणि तळघरातले प्रयोग पूर्वीसारखेच चालतात, प्रवेशाच्या वेळी शुल्काचा प्रश्न मात्र उरलेला नाही.