जामिनासाठी गुण : आकडा कोर्टात कसा मांडायचा?

जामिनावरच्या गप्पा आज जरा लांब, अमेरिकेत नेतो. तिथे म्हणे आरोपीला गुण देतात आणि त्यावरून तो खटल्याआधी सुटतो. हे अर्धं खरं आहे. गुण मिळतात, पण निर्णय न्यायाधीशच देतात. आणि म्हणूनच वकिलाला तिथे काम उरतं.

सुरुवात न्यूयॉर्कची, 1961 ची. व्हेरा फाउंडेशनच्या 'मॅनहॅटन बेल प्रोजेक्ट'मध्ये कायद्याचे विद्यार्थी आरोपींना भेटत. राहतोस कुठे, घरी कोण, काम काय, आधी शिक्षा झाली का, असं विचारून गुण देत. पत्ता शहरातला आणि गुण 5 असले, की पैसे न भरता सोडण्याची शिफारस होई. बहुतेक लोक तारखेला परत आले.

आजचं एक साधन म्हणजे 'पब्लिक सेफ्टी असेसमेंट'. न्यू जर्सीने ते 2017 पासून राज्यभर वापरलं. यात नऊ गोष्टी पाहतात: वय, चालू खटले, आधीच्या शिक्षा, चुकलेल्या तारखा वगैरे. वंश, नोकरी, पत्ता यांना गुण नाहीत. 1 ते 6 असे दोन आकडे निघतात. एक तारखेला न येण्याचा, दुसरा नवा गुन्हा करण्याचा.

मी बचावाचा वकील असतो तर काय केलं असतं?

पहिलं, बेरीज तपासली असती. गेल्या दोन वर्षांत चुकलेली एक तारीख 2 गुण वाढवते, त्याआधीची 1. नोंदीतलं वर्ष चुकलं, तर माणूस विनाकारण आत राहतो.

दुसरं, आकडा कमी असेल तर म्हटलं असतं, "महाराज, हे कोर्टाचंच मोजमाप आहे. याच्या पलीकडे काय धोका आहे, ते सरकारी वकिलांनी दाखवावं."

तिसरं, आकडा जास्त असेल तर दोन्ही आकडे वेगळे केले असते. तारीख चुकणं म्हणजे पळून जाणं नव्हे. रोजंदारी बुडते, मूल आजारी पडतं. त्यावर उपाय मोबाइलवर आठवणीचा संदेश आहे, कोठडी नाही.

पण सांभाळा. आज ढाल म्हणून धरलेला आकडा उद्या तुमच्याच दुसऱ्या अशिलावर तलवार होतो. शिवाय हा आकडा सारखी नोंद असलेल्या अनेकांचा असतो, समोर उभ्या असलेल्या एकाचा नव्हे. 'प्रोपब्लिका'ने 2016 मध्ये फ्लोरिडातल्या 'कॉम्पास' या दुसऱ्या साधनाची तपासणी केली. पुढे गुन्हा न केलेल्यांमध्येही कृष्णवर्णीयांना 'जास्त धोका' हा शिक्का गोऱ्यांच्या जवळजवळ दुप्पट प्रमाणात बसला होता. कंपनीने ते मान्य केलं नाही. वाद अजून चालू आहे.

आता आपल्याकडे या. मध्य प्रदेशातल्या एका गवंड्याकडे 10,000 रुपयांचा जामीनदार मागितला गेला. भाऊ जामीन राहायला तयार होता, पण त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात, म्हणून तो नाकारला. 1978 मध्ये, मोतीराम खटल्यात, न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी हे चूक ठरवलं. परराज्यात राहणाऱ्या आपल्यासारख्यांनी हा निकाल लक्षात ठेवावा. पुढच्याच वर्षी हुसैनआरा खातून खटल्यात न्यायमूर्ती भगवतींनी त्याच मॅनहॅटन प्रयोगाचा दाखला दिला. किती वर्षं राहतो, काम काय, नाती कोणती, हे पाहून जातमुचलक्यावर सोडता येतं, असं सांगितलं.

आपल्या कोर्टात गुण मोजत नाहीत. पण भाडेकरार, मुलाच्या शाळेचा दाखला, मालकाची चिठ्ठी ही कागदपत्रं तेच सांगतात. कोणासाठी जामीन मागायची वेळ आली, तर जामीनदार शोधायच्या आधी ती गोळा करा आणि वकिलाच्या हातात द्या. भेटू पुढच्या भागात.