इंजिनाची जागा आणि गाडीचे वजन

आलिशान, अतिवेगवान स्पोर्ट्स कारची वर्गवारी किमतीवरून करण्यापेक्षा इंजिनाच्या जागेवरून करणे अधिक उपयोगी ठरते. पोर्शे ९११ मध्ये इंजिन मागच्या आसाच्याही मागे असते. लांबच्या प्रवासासाठी घडवलेल्या ‘ग्रँड टूरर’ गाड्यांत ते बहुधा पुढे असते. १९६६ साली जिनिव्हाच्या प्रदर्शनात आलेल्या लॅम्बोर्गिनी मिउरात बारा सिलिंडरांचे इंजिन आसनांच्या मागे, पण मागच्या आसाच्या पुढे, आडवे बसवलेले होते. सर्वांत जड भाग मध्याजवळ आला की गाडी वळणावर चटकन दिशा बदलते. त्यासाठी सामानाची जागा आणि मागची आसने यांवर पाणी सोडावे लागते. ‘सुपरकार’ म्हणून आज प्रामुख्याने हीच रचना ओळखली जाते.

अशा गाडीची ओळख करून देताना नुसती अश्वशक्ती सांगणे अपुरे आहे. सोबत वजन हवेच. बुगाटी व्हेरॉनची शक्ती १,००१ अश्वशक्ती, वजन सुमारे १,८९० किलो. तिच्याआधीच्या मॅकलॅरेन एफ१ ची शक्ती ६२७ अश्वशक्ती, वजन मात्र जेमतेम १,१४०. म्हणजे दर अश्वशक्तीमागे दोघींचा भार जवळपास सारखाच, पावणेदोन ते दोन किलोंच्या दरम्यान. २०१४ च्या कोएनिगसेग वन-टू-वनने १,३६० किलोंना तेवढीच अश्वशक्ती देऊन हे प्रमाण एकास एक केले.