उड्या मारणारा कोळी पाळायचा तर

कोणता घ्यावा

मोबाइलवर माणसाच्या बोटावर बसून टकमक बघणारा जो केसाळ कोळी दिसतो, तो बहुतेक वेळा ‘फिडिपस रेजियस’ असतो. मूळचा फ्लोरिडा आणि कॅरिबियन बेटांकडचा. अमेरिकेत, युरोपात तो हौसेने पाळतात. आपण तो मागवायच्या फंदात पडू नये. परवानगीशिवाय परदेशी जिवंत प्राणी आणता येत नाहीत, आणि गरजही नाही. आपल्याच भिंतीवर, ट्यूबलाइटच्या आसपास माश्या टिपत फिरणारा ‘प्लेक्सिपस पेकुली’ त्याच कुळातला आहे. जेमतेम सेंटिमीटरभर लांब. नर काळा, अंगावर पांढरे पट्टे, मादी तपकिरी. सुरुवात याच्यापासून करावी.

बागेत किंवा रानात दिसलेला अनोळखी कोळी मात्र उचलू नये, फोटो काढून सोडून द्यावा. ठाण्यासारख्या गजबजलेल्या भागातूनही २०२१मध्ये या कुळातली एक नवी जात नोंदली गेली. २६/११च्या हल्ल्यात कसाबला पकडताना हुतात्मा झालेल्या तुकाराम ओंबळे यांच्या स्मरणार्थ तिला ‘आयसियस तुकारामी’ नाव दिलं आहे.

डोळे आणि पाय

हा कोळी शिकारीसाठी जाळं विणत नाही; नजरेने माग काढतो आणि झडप घालतो. डोळे आठ. बाजूच्या डोळ्यांना हालचाल कळते, मग तो गर्रकन वळतो आणि समोरचे दोन मोठे डोळे रोखतो. माशी दिसली की मांजरासारखा दबकत पुढे सरकतो, भिंतीला धागा चिकटवतो आणि मगच उडी मारतो. नेम चुकला तर त्याच धाग्याला लोंबकळतो.

उडीचं बळ बरंचसं रक्ताच्या दाबाचं असतं. कोळ्याला पाय आत ओढायला स्नायू आहेत, पण मुख्य सांधे सरळ करायला नाहीत. ते काम अंगातल्या द्रवाच्या दाबावर चालतं. म्हणून पाणी कमी पडलं की त्याचे पाय पोटाखाली मुडपू लागतात. हे लक्षण ध्यानात ठेवावं.

घर

पारदर्शक प्लॅस्टिकची उभट बरणी पुरते. सुई तापवून दोन समोरासमोरच्या बाजूंना भोकं पाडावीत, म्हणजे हवा आरपार खेळते. भोकं कोळ्याच्या डोक्यापेक्षा बारीक हवीत. आत एखादी काटकी तिरकी ठेवावी.

नवखे एक गोष्ट हमखास विसरतात. हा कोळी झोपण्यासाठी अगदी वरच्या कोपऱ्यात रेशमी पिशवी विणतो. झाकण वर असेल तर ती झाकणालाच चिकटते आणि उघडताना दर वेळी फाटते. बरणी उलटी ठेवावी, झाकण खाली. प्रश्न मिटला.

बरणी उजेडात हवी, कारण हा दिवसा शिकार करणारा प्राणी आहे. पण थेट उन्हात नको, आत भट्टी होते. एका बरणीत एकच कोळी. दोन ठेवले तर एक दुसऱ्याला खाण्याची शक्यता मोठी. आणि त्या खोलीत डासांची कॉइल, लिक्विड किंवा कीटकनाशकाचा फवारा अजिबात नको. डासाला मारणारी औषधं कोळ्यालाही मारतात.

खाणं

खाणं जिवंतच लागतं. हललं नाही तर बहुधा त्याचं लक्षही जात नाही. पिल्लांना चिलटं, मोठ्यांना घरमाशी. पिकून काळं पडलेलं केळं बाटलीत घालून तोंडाला कागदाचं नरसाळं लावलं की चिलटं आत शिरतात आणि तिथेच वाढतात. औषध मारलेल्या घरातल्या माश्या देऊ नयेत, मुंग्याही नकोत. भक्ष्य कोळ्यापेक्षा मोठं नसावं.

मोठ्या कोळ्याला दोन-तीन दिवसांनी एक माशी पुरे. वेळापत्रकापेक्षा पोट बघावं. सुरकुतलं असेल तर भूक आहे. टम्म फुगलं असेल तर थांबावं, कारण असा कोळी उंचावरून पडला तर पोट फुटून मरू शकतो.

पाणी

दिवसाआड बरणीच्या एका भिंतीवर दोन-चार बारीक थेंब उडवावेत, कोळ्याच्या अंगावर नाही. तो थेंबाला तोंड लावून पितो. कोकणातल्या पावसाळ्यात यापेक्षा कमी, विदर्भातल्या मे महिन्यात रोज. आत ओल साचली की बुरशी धरते. पाय मुडपलेले दिसले तर ओल्या ब्रशचं टोक तोंडाशी धरावं. कधी कधी तेवढ्यानेही तो सावरतो.

कात टाकताना

एके दिवशी कोळी पिशवीत जातो, ती जाड पांढरी करतो आणि कित्येक दिवस बाहेर येत नाही. खात नाही, हलत नाही. मेला समजून काडीने ढोसणारे पुष्कळ आहेत. तेवढ्यानेच तो खरोखर मरू शकतो. तो कात टाकत असतो. आत उरलेली माशी काढून घ्यावी आणि पिशवीला हात लावू नये. बाहेर आल्यावरही अंग कडक होईपर्यंत दोन-तीन दिवस खाणं नको.

भिंतीवरून पकडलेली मादी मात्र पिशवीत अंडीही घालून बसलेली असू शकते. पिल्लं निघाली की बरणी कुंडीतल्या झाडाजवळ उघडी ठेवावी. इतक्या पिल्लांना पुरेशी चिलटं कुणाच्याच घरात नसतात.

हातावर घेणं

चिमटीत धरू नये. दाबला गेला तर चावतो. चावा माणसाला धोक्याचा नसतो, पण त्या दाबाने त्याचा नाजूक पाय सहज तुटतो. मऊ ब्रशने मागून हलकेच ढकलावं आणि तो आपणहून हातावर चढेल तसा चढू द्यावा, तेही गादीवर बसून. पुढचे पाय उंच करून उभा राहिला तर त्या दिवशी नाद सोडावा.

आयुष्य साधारण वर्षभराचं, नराचं बहुधा त्याहून कमी. म्हातारपणी काचेवरून पाय घसरू लागतात, उडी चुकते. तेव्हा माशी चिमट्याने त्याच्या पुढ्यात धरावी लागते.