टेस्टर पेटला नाही म्हणून...

कला शाखेच्या विद्यार्थ्याने वीजमापकांवर लेख लिहावा, याचे काही वाचकांना नवल वाटेल. मी तारतंत्री नाही आणि विज्ञानाचा विद्यार्थीही नाही. परंतु एका प्रसंगामुळे या विषयाच्या मागे लागावे लागले. त्यातून जे शिकलो ते आपल्यापुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

माझे गाव मांजरी बुद्रुक. वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आणि राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र यांमुळे बाहेरच्यांना ते ठाऊक असते. २०२१ मध्ये गाव पुणे महानगरपालिकेत गेले आणि शेतांच्या जागी इमारती उभ्या राहू लागल्या. तरीही मुळा-मुठेच्या काठाने काही पंप अजून चालतात. त्यांतलाच एक आमचा, पाच अश्वशक्तीचा.

दोन वर्षांपूर्वी एप्रिलमधल्या दुपारी पंप अचानक बंद पडला. माझे चुलते, तात्या, यांनी स्टार्टरची पेटी उघडून टेस्टर लावला. तो पेटला नाही. "लाइट गेली बघ," असे म्हणून त्यांनी वायर हातात धरली आणि त्याच क्षणी ते मागे फेकले गेले. दोन बोटे भाजली, जीव वाचला. वीज पूर्ण गेलेली नव्हती. तीन फेजपैकी एकच गेला होता आणि बाकीचे दोन जिवंत होते. मेन स्विच पाडला नव्हता, ही आमची चूक. पण टेस्टर खोटे का बोलला, हा प्रश्न माझ्या मनातून जाईना.

टेस्टर खोटे बोलला नव्हता. त्याच्या पोटात निऑनचा इवलासा दिवा आणि फार मोठा रोध असतो. आपले बोट टेस्टरच्या टोपणावर टेकले की अत्यल्प प्रवाह आपल्या शरीरातून जमिनीकडे जातो आणि दिवा मिणमिणतो. पायात रबरी चप्पल असली किंवा माणूस कोरड्या फळीवर उभा असला, तर तो आणखी मंद होतो. एप्रिलच्या भर उन्हात तो दिसणार कसा? तात्पर्य, पेटलेला टेस्टर 'वीज आहे' असे सांगतो. न पेटलेला टेस्टर 'वीज नाही' असे सांगत नाही. या दोन वाक्यांत तात्यांची दोन बोटे भाजली.

त्यानंतर घरच्यांनी मला मीटर आणायला तापकीर गल्लीत धाडले. बुधवार पेठेतील या गल्लीत विजेच्या सामानाची दुकाने एकमेकांना खेटून आहेत. मी सर्वांत स्वस्त मल्टिमीटर घेतला. मला वाटले, आकडे सगळेच दाखवतात, मग जास्त पैसे कशाला?

व्होल्ट, अँपिअर व ओहम ही तीन मापे एकाच यंत्राने घेता यावीत, ही कल्पना डोनाल्ड मॅकाडी या ब्रिटिश टपाल खात्यातील अभियंत्याची. वेगवेगळी यंत्रे वाहून कंटाळलेल्या या गृहस्थांच्या कल्पनेतून १९२३ मध्ये 'अ‍ॅव्होमीटर' बाजारात आला. अँपिअर, व्होल्ट, ओहम यांच्या आद्याक्षरांवरून हे नाव पडले. आज आपल्या नाशिकमध्येही मोटवाने व ऋषभ या कंपन्या असे मीटर बनवितात.

माझ्या स्वस्त मीटरने आठवड्यातच धडा दिला. एका बॅटरीचा प्रवाह मोजण्यासाठी लाल वायर '१० अँपिअर' लिहिलेल्या भोकात खोवली होती. ती तशीच विसरून मी घरातल्या प्लगचे व्होल्टेज पाहायला गेलो. मोठा आवाज झाला, ठिणगी उडाली आणि वायरीचे टोक वितळले. प्रवाह मोजताना मीटर स्वतः जवळजवळ सरळ तारेसारखा असतो. त्यामुळे मी २३० व्होल्टवर चक्क शॉर्टसर्किट केले होते. घरातला एमसीबी पडला म्हणून निभावले. नंतर पाहिले, तर त्या भोकाशेजारी बारीक अक्षरांत 'फ्यूज नाही' असे इंग्रजीत छापलेलेच होते.

हाच प्रकार शेतावरच्या स्टार्टरपाशी झाला असता तर? ट्रान्सफॉर्मर जितका जवळ, तितका शॉर्टसर्किटचा प्रवाह मोठा. शिवाय उघड्या तारांवर विजा पडतात, मोठ्या मोटारी चालू-बंद होतात आणि क्षणभर हजारो व्होल्टचे झटके येतात. म्हणूनच मीटरवर 'कॅट' असा वर्ग छापलेला असतो. प्लगला लावायच्या उपकरणांसाठी कॅट २. घरातील पक्के वायरिंग, वितरण पेटी व मोटार यांसाठी कॅट ३. खांबावरून येणारी लाइन व वीजमीटर यांसाठी कॅट ४. आमच्या स्टार्टरसाठी किमान कॅट ३, ६०० व्होल्टचा मीटर हवा. लाइन थेट खांबावरून येत असेल तर कॅट ४ बरा. त्यात काचेच्या फ्यूजऐवजी मोठा प्रवाह सुरक्षितपणे तोडणारा एचआरसी फ्यूज असावा. प्रोबच्या वायरींवरही तोच वर्ग छापलेला असावा. मीटर चांगला आणि वायरी भिकार, याला अर्थ नाही.

दुसरा मीटर नीट पाहून घेतला. त्यानेही एकदा बुचकळ्यात टाकले. दोन्ही टोकांना सोडवून ठेवलेल्या एका वायरीवर तो ९० व्होल्ट दाखवू लागला. तात्यांनी टेस्ट लॅम्प लावला. दिवा पेटला नाही. ते हसून म्हणाले, "तुझा मीटर भुतं दाखवतोय लेका." त्यांचे खरे होते. डिजिटल मीटरचा अंतर्गत रोध साधारण १ कोटी ओहम असतो. शेजारच्या जिवंत वायरीमुळे नुसत्या जवळिकीने जो क्षीण दाब उत्पन्न होतो, तोही तो दाखवतो. शंभर वॅटच्या दिव्याला मात्र सुमारे ०.४३ अँपिअर प्रवाह लागतो. भुताच्या अंगी एवढे बळ नसते. काही मीटरमध्ये यासाठी कमी रोधाची वेगळी जागा असते. ती असलेला मीटर घ्यावा. टेस्ट लॅम्प वापरायचाच तर दोन फेजमध्ये सुमारे ४१५ व्होल्ट असतात हे विसरू नये. तिथे एकटा दिवा फुटतो; दोन दिवे एकापुढे एक जोडावे लागतात.

पंपवाल्याने टोंग टेस्टर म्हणजे क्लॅम्प मीटरही घ्यावा. वायर न तोडता, तिच्याभोवतीच्या चुंबकीय क्षेत्रावरून तो प्रवाह सांगतो. त्याच्या जबड्यात एकच वायर धरावी. जाणारी व येणारी अशा दोन्ही धरल्या तर उत्तर शून्य येते. पाच अश्वशक्तीची मोटार पूर्ण भाराला फेजमागे साधारण साडेसात अँपिअर घेते. एका फेजवर शून्य आणि उरलेल्या दोहोंवर बराच जास्त प्रवाह दिसला, तर मोटार दोन फेजवर चालली आहे. ती तत्काळ बंद करावी, नाहीतर वाइंडिंग जळते.

राहिला मेगर. मल्टिमीटर ओहम मोजताना जेमतेम काही व्होल्ट लावतो. ओल लागलेले वाइंडिंग त्याला ठणठणीत वाटते. मेगर ५०० व्होल्ट लावून इन्सुलेशनची परीक्षा घेतो. वाइंडिंग व मोटारीची बॉडी यांमध्ये एक मेगओहमपेक्षा कमी आले, तर मोटार चालू करू नये. हे यंत्र महाग. प्रत्येकाने घेण्याची गरज नाही, जाणत्या वायरमनला बोलवावे. परंतु पुरवठा तोडल्यावाचून मेगर लावायचा नाही, हे मात्र सर्वांनी लक्षात ठेवावे.

शेवटी एक सवय सांगतो. तिला पैसे पडत नाहीत. आधी मेन स्विच पाडावा. मग मीटर चालू असल्याची खात्री असलेल्या जिवंत जागी लावून पाहावा, नंतर आपल्या कामाच्या जागी प्रत्येक फेज तपासावा, आणि पुन्हा एकदा त्या जिवंत जागी लावावा. तिसरी पायरी वायफळ वाटते. पण मधल्या वेळात मीटरची बॅटरी संपली किंवा वायर तुटली असेल, तर ते एरवी कळणार कसे? मीटरने 'नाही' म्हटले, तर ते 'नाही' विजेचे की मीटरचे, हे ठरवणारी तीच पायरी.

तात्यांची बोटे आता बरी आहेत. एका बोटाची संवेदना मात्र परत आलेली नाही. खिशातला टेस्टर त्यांनी टाकलेला नाही. स्क्रू फिरवायला तो उत्तम आहे, असे ते म्हणतात. स्टार्टर उघडण्यापूर्वी मात्र ते आता मला हाक मारतात, "मीटर आण रे. तीनदा लावायचाय."